केंटकीचा राखीव बाक

2014-15 च्या हंगामात केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात गुणी खेळाडूंची इतकी गर्दी झाली होती, की प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या करून त्या आलटूनपालटून मैदानात उतरवल्या. त्यांतला डेव्हिन बुकर एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचांत नव्हता. तरीही 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ ज्यात क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले गेले. त्याच्यासह केंटकीच्या सहा जणांची त्या दिवशी निवड झाली.

शाळेत सर्वांना भारी पडणारा मुलगा जिथे बाकावर बसावे लागेल अशा संघात का जातो, याचे उत्तर या निकालात आहे. 2006 च्या ड्राफ्टपासून अमेरिकी खेळाडूला शाळा संपल्यावर किमान वर्षभर थांबावे लागते. हे वर्ष बहुतेक जण महाविद्यालयात काढतात आणि तेवढ्या अवधीत निवडकर्त्यांच्या नजरेत भरणे त्यांना आवश्यक असते. सहकाऱ्याला पाहायला आलेला निवडकर्ता आपल्यालाही पाहतो, शिवाय रोजच्या सरावात तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळतो.

नावाजलेल्या शास्त्रज्ञाला तितक्याच तोलाच्या कामासाठी अधिक श्रेय मिळते, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्ये मांडले होते. तेच चक्र इथेही फिरते. 2010 मध्ये केंटकीचे पाच खेळाडू पहिल्याच फेरीत निवडले गेले, आणि 2012 मध्ये तर पहिले दोन्ही क्रमांक अँथनी डेव्हिस आणि मायकेल किड-गिलख्रिस्ट यांच्या रूपाने याच संघाकडे गेले. अशा प्रत्येक यशानंतर पुढच्या मुलांचा ओढा वाढतो.

मात्र हे यश प्रशिक्षणाचे की निवडीचे, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. मुळातच हुशार मुलांना प्रवेश देऊन त्यांचे फोटो फलकावर झळकवणाऱ्या क्लासचे कर्तृत्व जितके मोजता येते, तितकेच हेही. शाळेत सारखाच दर्जा असलेले, पण वेगवेगळ्या महाविद्यालयांत गेलेले खेळाडू ताडून पाहिले, तरच काही सांगता येईल. माझ्या मते प्रशिक्षकांच्या पदरात श्रेय जरा जास्तच टाकले जाते.

अलीकडे या चक्रात पैसाही शिरला आहे. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करता येते, तर 2025 पासून विद्यापीठेही त्यांना थेट मानधन देऊ शकतात. त्या वर्षीच्या अव्वल शालेय खेळाडूंपैकी एक असलेल्या ए. जे. डिबांत्साने युटामधील ब्रिगम यंग विद्यापीठ निवडले, तेव्हा ते राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत एकदाही पोहोचलेले नव्हते.