सर्पगंधेच्या मुळीपासून सुपारीपर्यंत: सायकोसिसवर वनस्पती तपासण्याची पार्श्वभूमी

सायकोसिसवर, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजारावर, अमुक झाडाचा अर्क तपासला असे पेपर सतत येत असतात आणि चार-पाच वाचले की साचा लक्षात येतो. पानं नाहीतर मूळ वाळवायचं, मेथनॉलमध्ये किंवा पाण्यात अर्क काढायचा, उंदरांना दोन-तीन डोसांत द्यायचा, शेजारी हॅलोपेरिडॉल हे नेहमीचं सायकोसिसवरचं औषध दिलेला ग्रुप ठेवायचा आणि शेवटी लिहायचं की अँटिसायकोटिक गुण दिसले, पुढे संशोधन व्हायला हवं. ते पुढचं संशोधन बहुतेक वेळा कोणी करत नाही. गंमत अशी की हे क्षेत्र ज्या झाडामुळे उभं राहिलं त्याचा प्रवास बरोबर उलटा झाला होता, आधी पेशंट, मग रसायन, आणि जनावरं बरीच नंतर.

ते झाड म्हणजे सर्पगंधा. उन्माद, म्हणजे वेड, हा विषय आपल्याकडे जुनाच, चरकसंहितेत निदानस्थान आणि चिकित्सास्थान दोन्हीकडे त्याला वेगळा अध्याय आहे आणि पाच प्रकार सांगितलेत. पण सर्पगंधेची मुळी पुढे आली ती जास्त करून लोकांच्या वापरातून, बिहार-बंगालकडे तिला सरळ 'पागल की दवा' म्हणायचे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय मासिकात लेख लिहिला की ही मुळी वेडावर आणि ब्लडप्रेशरवर चालते. डोस दिला होता पावडर २० ते ३० ग्रेन दिवसातून दोनदा, म्हणजे प्रत्येक वेळी साधारण सव्वा ते दोन ग्रॅम. झोप लागते, प्रेशर उतरतं, हिंसक वागणं कमी होतं, आणि बऱ्याच पेशंटचं भान आठवड्याभरात परत येतं असं त्यांचं निरीक्षण. कंट्रोल ग्रुप नाही, स्केल नाही, आजच्या नियमांनी बघितलं तर हा पुरावा कच्चाच. तरी मुळीत काहीतरी आहे हे त्यांनी पकडलं होतं.

त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून शुद्ध अल्कलॉइड (झाडातली औषधी गुणाची रसायनं) वेगळी केली आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन नाव दिलं. पण अजमलीनचं काम निघालं हृदयाच्या ठोक्यांवर, ब्रुगाडा सिंड्रोम हा ठोक्यांचा आजार ओळखायच्या टेस्टमध्ये ते अजून वापरतात. मनावर काम करणारा घटक मात्र हाती लागायला आणखी वीसेक वर्षं गेली. मधल्या काळात कलकत्त्यात रामनाथ चोप्रांच्या टीमने मुळीची फार्माकॉलॉजी तपासली, आणि १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा ब्लडप्रेशरच्या ५० पेशंटचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला, तेव्हा कुठे पाश्चात्त्य डॉक्टरांनी मान वर करून बघितलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी तो मनावर काम करणारा घटक, रेसर्पीन, वेगळा केला.

न्यूयॉर्कजवळच्या रॉकलँड स्टेट हॉस्पिटलमध्ये नेथन क्लाइन यांनी ही मुळी आणि रेसर्पीन मानसिक रुग्णांवर वापरून १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. त्याआधी दोनच वर्षं पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे सायकोसिसवरचं औषध आलं होतं, म्हणजे एक औषध डाय बनवणाऱ्या केमिस्ट्रीच्या खानदानातलं आणि दुसरं थेट जंगलातल्या मुळीतलं, दोन्ही जवळपास एकाच वेळी मेंटल हॉस्पिटलांत शिरली. १९५७ चा अमेरिकेतला वैद्यकाचा मानाचा लास्कर पुरस्कार या दोन्ही औषधांवर काम करणाऱ्यांना मिळाला, त्यात क्लाइन होते आणि वकीलही होते. सेन आणि बोस यांची नावं मात्र आज किती जणांना माहीत आहेत ते विचारू नका.

इकडे नायजेरियात योरुबा वैद्य सर्पगंधेच्याच कुळातलं आफ्रिकी झाड, राउवोल्फिया व्होमिटोरिया, सायकोसिसवर स्वतंत्रपणे वापरत होते आणि रेमंड प्रिन्स यांनी १९६० मध्ये त्यावर लिहिलं. दोन खंडांत एकमेकांशी काही संबंध नसलेल्या लोकांनी एकाच कुळातलं झाड एकाच आजारासाठी निवडलं, हे मला तरी कुठल्याही उंदराच्या ग्राफपेक्षा जास्त वजनदार वाटतं.

मग रेसर्पीन मागे का पडलं? परिणाम यायला वेळ लागायचा, प्रेशर नको तितकं उतरायचं, आणि डिप्रेशन येतं अशी बदनामी झाली. या बदनामीत किती तथ्य होतं यावर अजून वाद आहे, कारण १९५५ मध्येच डेव्हिस आणि शेफर्ड यांच्या कंट्रोल्ड ट्रायलमध्ये काळजी आणि उदासी असलेल्या पेशंटना त्याने उलट बरं वाटलं होतं, पण तो पेपर लोक विसरून गेले. तोवर क्लोरप्रोमाझीन आणि १९५८ मध्ये बनलेलं हॅलोपेरिडॉल यांनी जागा घेतली होती.

पण जाता जाता रेसर्पीनने जे दाखवलं ते औषधापेक्षा मोठं. अमेरिकेत ब्रॉडी यांच्या लॅबमध्ये दिसलं की रेसर्पीन मेंदूतला सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा साठा रिकामा करतं. तिथून स्वीडनला परतलेल्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पीन देऊन ससे निश्चल केले, मग एल-डोपा (ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं) टोचलं आणि ससे थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करायला लागले. डोपामिन हा स्वतंत्र संदेशवाहक आहे हे त्यातून पुढे आलं, २००० चा नोबेल त्यांना या कामासाठी मिळाला. पेशीतल्या डोपामिन भरायच्या पिशव्यांचा पंप रेसर्पीन बंद पाडतं, आणि क्लोरप्रोमाझीन पुढच्या पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे डोपामिनचा संदेश घेणारी जागा, अडवतं. वाटा वेगळ्या पण दोन्हीकडे डोपामिनचा जोर कमी, आणि डोपामिनचा जोर वाढल्याने सायकोसिस होतो या डोपामिन सिद्धांताचा एक पाया इथे आहे.

आणि इथेच पुढच्या अर्कवाल्या संशोधनाचं घोडं अडलं असं माझं मत. सिद्धांत डोपामिनचा, म्हणून जनावरांच्या टेस्टही डोपामिनच्याच झाल्या. उंदराला अपोमॉर्फिन दिलं की तो पिंजऱ्याच्या जाळीवर चढत राहतो, १९७६ पासून ही टेस्ट चालू आहे, अर्क दिल्यावर चढणं कमी झालं की अर्क पास. अ‍ॅम्फेटामिनची धावपळ, केटामिनचं मॉडेल, हे तसेच प्रकार. यात मोठी गोची म्हणजे गुंगी आणणारं काहीही दिलं तरी उंदीर चढायचा थांबतो, त्यामुळे फिरत्या दांड्यावर उंदीर नीट टिकतो की नाही हे सोबत तपासलं नसेल तर त्या निकालाला फारसा अर्थ नाही, आणि तपासलं असलं तरी ही चाळणी मुळात जुन्या औषधांवरून बनवलेली, तिच्यातून जुन्यासारखंच काहीतरी मिळणार. शिवाय अर्क म्हणजे एक पदार्थ नाही, जमीन, ऋतू, झाडाचं वय, काढायची पद्धत, सगळ्याने घटक बदलतात, ओळखीचं एखादं मार्कर रसायन मोजून अर्क प्रमाणित केला नसेल तर पुढच्या लॅबला तोच निकाल मिळेल याची काही खात्री नाही.

माणसांवर नीट ट्रायल झाल्याच नाहीत असं नाही. १९७६ मध्ये ब्राह्म्यादियोग आणि तगर या आयुर्वेदिक औषधांचा डबल ब्लाइंड (कोणाला काय दिलं हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही न कळणारा) अभ्यास इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्रीत आला, त्या काळी आयुर्वेदाच्या औषधाला अशा पद्धतीने तपासणं ही धाडसाचीच गोष्ट. ट्रायल गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७ च्या आढाव्याला मात्र स्किझोफ्रेनियात आयुर्वेदाच्या फक्त तीन छोट्या ट्रायल सापडल्या आणि त्यावरून वापरा म्हणावं असं काही निघालं नाही. नंतर ट्रेंड बदलला, चालू गोळ्यांच्या जोडीला अर्क द्यायचा. २००१ मध्ये चीनमधली जिंको या झाडाचा अर्क आणि हॅलोपेरिडॉल एकत्र देऊन केलेली ट्रायल, २०१८ मध्ये अमेरिकेत ६८ पेशंटवर १२ आठवडे अश्वगंधेचा प्रमाणित अर्क, दोन्हीत लक्षणांचे स्कोअर प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) जास्त सुधारले. चांगली गोष्ट, पण ट्रायल लहान आहेत. आणि जोडीला म्हणजे जोडीलाच, हे वाचून कोणी चालू गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना न सांगता अर्कही सुरू करू नका.

गांजाची केस तर विचित्रच, त्यातलं टीएचसी सायकोसिस आणू शकतं आणि त्याच झाडातलं कॅनाबिडिऑल उलट दिशेने तपासलं जातंय. २०१८ मध्येच एका ट्रायलमध्ये रोज १००० मिलिग्रॅमने लक्षणं थोडी कमी झाली आणि दुसऱ्या एका ट्रायलमध्ये ६०० ने काहीच फरक पडला नाही.

डोपामिनच्या बाहेरची वाट शेवटी सुपारीतून निघाली. त्यातलं अरेकोलिन १९५७ मध्ये फायफर आणि जेनी यांनी स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना टोचलं तर गप्प बसलेली काही माणसं थोडा वेळ भानावर येऊन बोलली, पण परिणाम टिकला नाही आणि विषय पडला. २००० मध्ये पलाऊ बेटांवरच्या अभ्यासात सुपारी खाणाऱ्या पेशंटची लक्षणं सौम्य दिसली, अर्थात सुपारी कॅन्सर करते हे पक्कं आहे त्यामुळे तो उपाय नव्हेच. दरम्यान अरेकोलिनच्या रचनेवरून कंपन्यांनी झॅनोमेलिन बनवलं होतं, ते डोपामिनच्या नव्हे तर अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या संदेशवाहकाच्या मस्करिनिक रिसेप्टरवर चालतं. अल्झायमरच्या ट्रायलमध्ये १९९७ ला त्याने भास-भ्रम कमी झाले पण उलट्या-मळमळीने पेशंट हैराण झाले आणि औषध बाजूला पडलं. नंतर शरीरातले हे त्रास रोखणारं, मेंदूत फारसं न शिरणारं ट्रॉस्पियम सोबत जोडलं, पाच आठवड्यांच्या ट्रायल झाल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी मान्यता मिळाली. २०२५ मध्ये तेच औषध जुन्या अँटिसायकोटिक गोळ्यांच्या जोडीला देऊन बघितलं, तेव्हा फरक औषधाच्या बाजूने दिसला पण संख्याशास्त्राची ठरवलेली रेष काही ओलांडली नाही.