फर्नला वास नसतो, तरी फर्नचा परफ्यूम निघाला

1882 साली फ्रान्समधल्या ऊबिगाँ या कंपनीसाठी पॉल पार्के नावाच्या माणसाने एक परफ्यूम बनवला, नाव फूजेर रोयाल, म्हणजे शाही फर्न. आता फर्नच्या पानाला नाक लावून बघा, नाव घेण्यासारखा वासच येत नाही. मग बाटलीत काय होतं? लॅव्हेंडर, बर्गमोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाचा वास, झाडाच्या सालीवर वाढणारं ओकमॉस आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं कुमारिन.

कुमारिन टोंका नावाच्या बीमधे निसर्गतः असतं, पण 1868 मधे विल्यम पर्किनने ते लॅबमधे तयार केलं. हा तोच पर्किन, ज्याने 1856 मधे अवघ्या 18व्या वर्षी जांभळा कृत्रिम रंग शोधला होता. मी पहिल्यांदा कुमारिनची बाटली उघडली तेव्हा आत बारीक साखरेसारखे पांढरे स्फटिक होते आणि वास आला तो कापून उन्हात टाकलेल्या गवताचा, जरासा बदामाचा, मागे थोडा व्हॅनिलाचा. पर्किनने रेणू दिला पण त्याचं करायचं काय हे सांगायला चौदा वर्षांनी पार्केच यावा लागला. आजही पुरुषांचे कितीतरी डिओ आणि शेव्हिंग क्रीम त्याच वळणाचे असतात, आणि त्या सगळ्या घराण्याचं नाव आहे फूजेर.

मला वाटतं मोठ्या परफ्यूमरचं खरं काम हेच. बाग बाटलीत भरणं वेगळं आणि निसर्गात नसलेला वास सुचणं वेगळं.

अर्नेस्ट बोचं उदाहरण घ्या. जन्म मॉस्कोचा, क्रांतीनंतर फ्रान्सला आला आणि 1921 मधे त्याने शनेल नंबर 5 बनवला. त्यात गुलाब आहे, जाई आहे, पण वर आल्डिहाइड आहेत, म्हणजे दहा ते बारा कार्बनच्या साखळीचे रेणू. नुसते हुंगले तर मेणबत्ती नुकतीच विझवल्यासारखा, थोडा साबणाचा, थोडा संत्र्याच्या सालीचा वास येतो, जास्त झाला तर डोकं उठतं. बोच्या आधीही लोक ते वापरत होते, पण त्याने हात सैल सोडला आणि फुलांवर अचानक लख्ख उजेड पडल्यासारखं झालं. युद्धाच्या काळात तो उत्तर ध्रुवाकडच्या भागात होता, तिथे मध्यरात्रीच्या सूर्यप्रकाशात तळ्यांमधून येणारा ताजेपणा आपल्याला यात आणायचा होता, असं त्याने स्वतः सांगितलंय.

जर्मेन सेलिएबद्दल मात्र फार कमी बोललं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. सगळा पुरुषांचा धंदा, आणि या बाईने 1947 मधे व्हाँ व्हेर, म्हणजे हिरवा वारा, असा परफ्यूम बनवला ज्यात गाल्बानम नावाचा डिंक इतका सढळ घातला की तोवर कुणी तेवढी हिंमत केली नव्हती. त्याचा वास ताज्या सोललेल्या मटाराच्या शेंगेसारखा, आणि त्या हिरवेपणात पायराझिन गटातल्या रेणूंचा वाटा आहे. ढोबळी मिरची चिरल्यावर जो झणका येतो तोही याच गटातल्या एका रेणूचा, तो इतका जोरकस असतो की एक लाख कोटी भाग पाण्यात दोन भाग असला तरी नाकाला कळतो! असल्या मालमसाल्याचं प्रमाण सांभाळायचं म्हणजे थेंबाथेंबाचा हिशोब.

एडमॉन्ड रुदनित्स्काचा पेच वेगळा होता. लिली ऑफ द व्हॅली, म्हणजे वसंतात येणारी पांढरी घंटेसारखी चिमुकली फुलं, यांना सुगंध भरपूर पण अर्क काढायला जाल तर हाती काही लागत नाही, म्हणून परफ्यूमर यांना मुकी फुलं म्हणतात. रुदनित्स्काने ही फुलं फ्रान्समधल्या काब्रीच्या आपल्या बागेतच लावली आणि हायड्रॉक्सीसिट्रोनेलालसारख्या लॅबमधल्या पदार्थांवर तो वास जवळजवळ शून्यातून उभा केला, 1956 चा डिओरिसिमो हा परफ्यूम तो हाच. पुढे 1966 मधे त्याने ओ सोवाज या परफ्यूममधे हेडिऑन वापरलं, जाईच्या वासावर संशोधन करताना सापडलेला रेणू. एकटा हुंगला तर इतका सौम्य की चटकन लक्षातच येत नाही, पण मिश्रणात घातला की सगळ्याला हवा मिळते.

आता हे सगळं शिकायचं कसं? ज्याँ कार्ल या परफ्यूमरने 1946 मधे फ्रान्समधल्या ग्रास या गावात परफ्यूम शिकवणारी शाळा काढली आणि सुगंधी पदार्थ किती वेगाने उडतात त्यावर सगळं बसवलं. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतला लिमोनीन हलका, रेणुभार 136, कागदाच्या पट्टीवर टाकलात तर थोड्याच वेळात उडून जातो, तर गॅलॅक्सोलाइडसारखा आजचा मस्क, म्हणजे कस्तुरीच्या वळणाचा लॅबमधला पदार्थ, 258 चा, तो कित्येक दिवस त्याच पट्टीवर बसून राहतो. म्हणून परफ्यूम आधी एक वास देतो, तासाभराने दुसरा आणि रात्री तिसराच, तेव्हा दुकानात एकदा हुंगून लगेच निर्णय घेऊ नका. याच कार्लची पुढे वास घेण्याची शक्ती गेली, तरी तो काम करत राहिला, कारण कुठला पदार्थ किती आणि कशाबरोबर हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

यातल्या कित्येक बाटल्या आज मूळ रूपात मिळत नाहीत, कारण ओकमॉस, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल अशा पदार्थांनी काहींना ॲलर्जी होते म्हणून त्यांच्या वापरावर मर्यादा आल्यात. नियम योग्यच आहेत, पण हळहळ वाटते. व्हर्सायमधे ऑस्मोटेक नावाचं सुगंधांचं संग्रहालय आहे, 1990 पासून. तिथे जुन्या सूत्रांवरून परत बनवलेले परफ्यूम 12 अंश तापमानाला, हवेच्या जागी आरगॉन वायू भरून जपून ठेवलेत आणि पार्केचा फूजेर रोयाल तिथे अजूनही हुंगता येतो.