तापीकाठची माकडं आणि कायद्याची अनुसूची : पार्श्वभूमी

सातपुड्यापासून अजिंठ्याच्या रांगेपर्यंत दिसणाऱ्या काळतोंड्या वानराबद्दल इथे फारसं लिहायचं नाही. घोळ लाल तोंडाच्या माकडांचा आहे. त्यांच्या दोन जाती, ऱ्हीसस आणि बॉनेट. जुन्या प्राणिशास्त्राने त्यांची हद्द पश्चिमेला तापी, पूर्वेला गोदावरी अशी धरली. त्या हिशेबाने तापीच्या उत्तरेचे रावेर, यावल, चोपडा ऱ्हीससकडे, तर दक्षिणेचे पाचोरा, चाळीसगाव बॉनेटकडे. ओळखायचं तर शेपूट बघावं. ऱ्हीससचं आखूड, कंबरेमागची लव नारिंगी; बॉनेटचं शेपूट लांबलचक आणि डोक्यावर भांग पाडून बसवल्यासारखी केसांची टोपी.

पोलिओच्या लशीसाठी 1950 च्या दशकात ऱ्हीसस माकडं भारतातून परदेशी पाठवली जात, वर्षाला लाखाच्या घरात. 1978 मध्ये निर्यात बंद झाली. त्याआधीच, 1972 च्या वन्यजीव कायद्याने पकडण्या-मारण्यावर बंधनं आणली होती.

खरी गुंतागुंत याच कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने झाली. 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली. अनुसूची म्हणजे कायद्याला जोडलेली संरक्षित प्राण्यांची यादी; तोवर दोन्ही जाती एकाच, दुसऱ्या अनुसूचीत होत्या. दुरुस्तीने ऱ्हीससला अनुसूचींतून वगळलं आणि बॉनेटला थेट पहिलीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवलं. पिकांचं नुकसान आणि शहरांतला उपद्रव ही वगळण्यामागची बाजू, आणि ती खोटी नाही. केळीचा तयार घड डोळ्यांदेखत ओरबाडला गेला की शेतकऱ्याला जातीचं नाव सुचत नाही. पण अनुसूची गेली म्हणजे मोकळं रान मिळालं, हा समज चुकीचा. 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा लागू आहेच.

खानदेशाची अडचण वेगळी. हद्द पुस्तकातली, माकडं जिवंत. गेल्या काही दशकांत ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत आलं आहे. शहरात पकडायचं आणि दूर जंगलात नेऊन सोडायचं, या उपायाने त्यात भरच पडते. पंचनाम्यात नुसतं ‘माकड’ लिहिलं, तर ते कायद्याने पहिल्या अनुसूचीतलं की अनुसूचीबाहेरचं, हे कोण सांगणार? एवढी तफावत ठेवताना दोन्ही जाती जिथे एकमेकींना भिडतात त्या पट्ट्याचा विचार झालेला दिसत नाही.

ऱ्हीससला परत अनुसूचीत घ्या, ही मागणी तेव्हापासून चालू आहे. उलट दक्षिणेतलं एक राज्य बॉनेटला पहिल्या अनुसूचीतून दुसरीत उतरवा म्हणून केंद्राच्या मागे लागलं आहे.