जुनी जेक्वेरी ‘निरुपद्रवी’ नाही

‘सर्व्हरवर मजकूर नीट गाळून घेतला की जेक्वेरीची आवृत्ती कितीही जुनी असली तरी काही बिघडत नाही.’ वेबपानांत वापरल्या जाणाऱ्या जेक्वेरी या तयार जावास्क्रिप्ट कोडच्या संचाबद्दल हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे. (गाळणं म्हणजे मजकुरातला घातक कोड काढून टाकणं.)

एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ३.५.० आवृत्तीत सुरक्षेतली जी भेग बुजवली, तिने नेमक्या या गाळणीलाच बगल दिली होती. आधीच्या आवृत्त्यांत एचटीएमएल (टॅग नावाच्या खुणांनी पानाची रचना सांगणारा मजकूर) पानात घालण्यापूर्वी जेक्वेरी ते स्वतःच ‘दुरुस्त’ करायची: जागीच बंद केलेला टॅग (उदा. <style/>) दिसला की त्याचा उघडणारा आणि बंद होणारा अशी जोडी करायची. आता स्टाइल टॅगच्या आत असाच जागीच बंद केलेला दुसरा स्टाइल टॅग, त्यामागे एक इमेज टॅग आणि त्यात ऑनएरर स्क्रिप्ट (चित्र लोड झालं नाही की चालणारा कोड) आहे असं समजा. ब्राउझरच्या दृष्टीने स्टाइलच्या आतलं सगळं नुसता मजकूर, म्हणून गाळणी ते सोडून देते. जेक्वेरीच्या दुरुस्तीने मात्र मधेच बंद होणारा टॅग येतो, बाहेरचा स्टाइल तिथेच संपतो, इमेज जिवंत होते आणि स्क्रिप्ट चालते. गाळणीचा यात काहीच दोष नाही!

म्हणून आवृत्ती बदलाच. फाइलच्या पहिल्याच ओळीत ती बहुधा लिहिलेली असते, १.१२.४ दिसली तर काम आजच हाती घ्या. पण नवी आवृत्ती म्हणजे गाळणी नव्हे, हेही तितकंच खरं. वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव किंवा प्रतिक्रिया दाखवायची असेल तर जेक्वेरीची एचटीएमएल पद्धत (.html()) नको, टेक्स्ट पद्धत (.text()) वापरा, ती सगळं नुसता मजकूर म्हणून दाखवते.