अंडं गोठवायचं, पण त्यात बर्फ होऊ द्यायचा नाही

"आधी जीव वाचू दे, मूलबाळाचं नंतर बघू." तरुण पेशंटला कॅन्सर निघाला की घरात हे वाक्य हमखास येतं, मायेपोटीच येतं, पण त्यातलं 'नंतर' फसवं आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख अपक्व बीजं असतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात, आणि त्यात भर पडत नाही. केमोतली काही औषधं, उदा. सायक्लोफॉस्फामाइड, ही शिल्लकच खातात. नंतर पाळी परत आली म्हणजे सगळं ठीक असंही नाही, पाळी चालू आणि साठा तळाला असं होऊ शकतं. म्हणून बीजं गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं ते पहिल्या केमोच्या आधी.

पुरुषांचं सोपं आहे, वीर्याचा नमुना दिला की गोठवता येतो. गोठवलेल्या शुक्राणूंपासून गर्भधारणा १९५३ मध्येच झाली होती, पण गोठवलेल्या स्त्रीबीजापासून व्हायला १९८६ उजाडलं. एवढा उशीर का, तर पाण्यामुळे!

शुक्राणू चिमुकला, त्यात पाणी नावापुरतं. स्त्रीबीज म्हणजे शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, साधारण ०.१ मिलिमीटरची, पाण्याने भरलेली. फ्रीझरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली तडकते ना, तसंच इथे बर्फाचे स्फटिक पेशीला आतून फाडतात, शिवाय गुणसूत्रं ज्या नाजूक धाग्यांवर ओळीने लागलेली असतात ते धागे थंडीनेच विस्कटतात. यावरचा तोडगा म्हणजे व्हिट्रिफिकेशन. बीज एथिलीन ग्लायकॉलसारख्या द्रावणात ठेवतात, पाणी बाहेर पडायला लागतं आणि मायक्रोस्कोपखाली ते डोळ्यांदेखत आक्रसतं, मग हळूहळू द्रावण आत शिरतं तसं परत फुगतं. त्यानंतर आणखी दाट द्रावणात जेमतेम मिनिटभर, कारण ते जास्त वेळ राहिलं तर विषारी. मग प्लास्टिकच्या बारीक पट्टीवर सूक्ष्म थेंबात बीज ठेवून थेट उणे १९६ अंशांच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवायचं. गारवा इतक्या झटक्यात येतो की पाण्याच्या रेणूंना रांगेत लागून स्फटिक बनवायला वेळच मिळत नाही, ते होते तसेच थिजतात, काचेसारखे. बाहेर काढतानाही तीच घाई, हळू तापवलं तर वाटेत बर्फ धरतो आणि सगळं वाया. अमेरिकेतल्या प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये अंडी गोठवण्यावरचा 'प्रायोगिक' शिक्का काढला तो प्रामुख्याने या तंत्रामुळे.

बीजं मिळवायला साधारण १० ते १४ दिवस इंजेक्शनं लागतात, आता पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतात, त्यामुळे उपचार फार लांबत नाहीत. स्तनाचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर सोबत लेट्रोझोल हे औषध देतात, म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोन चढत नाही. पण अंडी गोठवली की बाळ पक्कं असं कोणी सांगत असेल तर ते खोटं, वय आणि बीजांची संख्या यावर बरंच अवलंबून असतं. आणि केमोनंतर 'अंडाशय जागं करणारी' चूर्णं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, संपलेलं बीज कुठलंही चूर्ण परत आणत नाही.

वयात न आलेल्या मुलींना इंजेक्शनं देऊन बीजं काढता येत नाहीत, त्यांच्यासाठी अंडाशयाच्या बाहेरच्या थराच्या पातळ पट्ट्याच गोठवतात आणि उपचारांनंतर परत बसवतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये यात धोका आहे, पट्टीत कॅन्सरच्या पेशी लपून परत शरीरात जाऊ शकतात. बाकीच्यांत मात्र, बेल्जियममध्ये २००४ साली अशा परत बसवलेल्या पट्टीनंतर पहिलं बाळ जन्मलं, आणि पट्टी रुजली की साधारण चार-पाच महिन्यांत, बंद पडलेली पाळीसुद्धा आपली आपण सुरू होते.