पाकळीचा ‘ल’, दांडीचा ‘ल’ आणि नागपुरातली फाँटनिवड

पत्रिका असो, दुकानाची पाटी असो की संस्थेचा अहवाल, नागपुरात फाँट ठरवताना एक प्रश्न पुण्यापेक्षा लवकर पुढे येतो: हाच मजकूर हिंदीतही जाणार आहे का? त्याचे मूळ १९५६ च्या आधीचे. तोवर नागपूर मराठी-हिंदी अशा दुभाषी राज्याची राजधानी होती. लिपी एकच, पण अक्षरांची वळणे दोन. शिशाच्या खिळ्यांनी छपाई व्हायची त्या काळातले अ, झ आणि ण हे मुंबईकडच्या वळणाचे आकार पुढे हिंदीच्या प्रमाण लिपीनेही घेतले. ‘ल’ आणि ‘श’ यांच्यावर मात्र तडजोड झाली नाही: मराठीचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा, हिंदीचा उजवीकडे उभी दांडी असलेला; ‘श’चीही तशीच दोन वळणे.

आजच्या सवयी घडल्या त्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पाने जुळवण्याच्या, काळात. मराठीला श्रीलिपी, हिंदीला कृतिदेव अशी ढोबळ वाटणी होती. हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच फाँट नसला की मजकुराचा काला व्हायचा, म्हणून फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रे करून, पाठवायची रीत पडली. मग एका काना-मात्रेच्या दुरुस्तीसाठी अख्खी ओळ पुन्हा टाइप करायची. प्रिंटरकडे असलेला आणि ऑपरेटरच्या बोटांत बसलेला फाँट तोच लोकप्रिय. अक्षराच्या देखणेपणाचा विचार फार तर शीर्षकापुरता.

प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडने काला संपवला, पण ‘ल’चा वाद उघड्यावर आणला. युनिकोडमध्ये ‘ल’चा क्रमांक एकच, तो पाकळीचा काढायचा की दांडीचा, हे फाँट बनवणारा ठरवतो. विंडोज २००० पासून घरोघरी पोचलेल्या मंगल फाँटमध्ये हिंदी वळण होते. मराठी वाचकाला कोणी विचारले नाही. कॉम्प्युटर सुरू केला की तोच ‘ल’ समोर. नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले, तोवर डोळ्यांना दुसऱ्याची सवय झाली होती.

दोन्ही ‘ल’ वाचता येतात, मग अडते कुठे, असे विचारणारे डिझायनर नागपुरात पुष्कळ आहेत. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, सिवनी, बालाघाटचे काम घेणाऱ्याला एकच फाइल दोन्हीकडे चालवणे सोयीचे, हेही खरे. पण पहिलीतले मूल पाकळीचा ‘ल’ गिरवते आणि शाळेच्याच फलकावर त्याला दांडीचा दिसतो, ही गोष्ट लहान नाही. शिवाय आता सोयीची सबब उरलेली नाही. ओपनटाइप या आजच्या फाँट-प्रकारातल्या अनेक चांगल्या फाँटमध्ये दोन्ही आकार असतात. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की ‘ल’ आणि ‘श’ आपोआप बदलतात. हे करायला काही सेकंद पुरतात, आणि नेमके तेच राहून जाते. भाषा निवडायची सोयच नसलेल्या ॲपमध्ये फाँटचा मूळ आकार उमटतो. तिरो देवनागरी या फाँटच्या घराण्याने यावर सरळ मार्ग काढला: मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी तीन वेगळे फाँट.

२०१४ पासून हिंद, पॉपिन्स, मुक्त, बलू असे मोफत, मुक्त परवान्याचे फाँट आले आणि निवडीचा अर्थच बदलला. बलूचा गुबगुबीतपणा मिठाईच्या खोक्यावर शोभतो, अहवालाच्या पानावर नाही. मुक्तला हलक्यापासून जाडपर्यंत वजने आहेत, त्यामुळे एकाच घराण्यात पूर्ण पुस्तिका बसते. फक्त इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये योग्य कंपोझर (अक्षरे जुळवणारी सेटिंग) निवडलेला हवा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते.

फाँट मराठीचा आहे का, हे पाहायला विदर्भात एक शब्द हाताशीच आहे: वऱ्हाड. त्यातला अर्धा ‘ऱ’ हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही फाँटमध्ये तो रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर चढतो किंवा पाय मोडून उभा राहतो. ‘वऱ्हाड’, ‘शाळा’, ‘लाल’ हे तीन शब्द आधी टाइप करून पाहावेत. ग्राहकाला नमुना दाखवायचा तो त्यानंतर.