ड्रायरमध्ये कपडे लवकर सुकत नाहीत? आम्हाला बोलावण्याआधी एवढं करून बघा

जून लागला की आमच्या दुकानात एकच तक्रार सारखी येते: "ड्रायर चालतो, गरमही होतो, पण कपडे काही सुकत नाहीत." रत्नागिरीच्या पावसात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले राहतात, त्यांना कुबट वास येतो, म्हणून तर आपण ड्रायर घेतो. तोही एका खेपेला अडीच तास घ्यायला लागला की वाटतं, हीटर गेला. पण ड्रायर उघडून बघितला की बहुतेक वेळा हीटर धडधाकट असतो आणि हवेची वाट तुंबलेली असते. ती वाट तुम्ही घरीच मोकळी करू शकता, त्यासाठी आमची फी भरू नका.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या लहान टबालाही आपण ड्रायरच म्हणतो. तो कपडे फक्त जोरात फिरवून पाणी काढतो, त्यात गरम हवा नसते. त्यातून कपडे दमटच निघणार, तो बिघाड नव्हे. इथून पुढचं सगळं गरम हवेच्या ड्रायरबद्दल आहे.

आधी जाळी, मग पाइप

हा ड्रायर खोलीतली हवा ओढतो, तापवतो, कपड्यांमधून फिरवतो आणि वाफेसकट बाहेर टाकतो. बाहेर टाकायची वाट अडली, तर कपडे आपल्याच वाफेत घोळत राहतात. हीटर कितीही तापला तरी उपयोग नाही.

लिंट फिल्टर म्हणजे कपड्यांतून सुटलेले तंतू अडवणारी जाळी. तिच्यावरचा कापूस दर खेपेनंतर काढा. आठवड्यातून एकदा नव्हे, दर खेपेनंतर. जाळी स्वच्छ दिसली तरी तिच्यावर नळाचं पाणी सोडून बघा. पाणी खाली न जाता वर साचलं, तर कपड्यांच्या कंडिशनरचा पातळ थर बसला आहे. जुना टूथब्रश आणि साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मगच बसवा.

मग वाफेची हवा बाहेर नेणारा पाइप. तो साधारण 4 इंची असतो. मशीन भिंतीला सरकवताना मागे चेपला जातो, वळणांत कापूस धरतो. आणि आमच्याकडे हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे कबुतरं शिरू नयेत म्हणून पाइपाच्या तोंडाला लावलेली बारीक जाळी! तिच्यावर कापसाचा जाड थर बसतो आणि हवा पार कोंडते. ड्रायर चालू असताना बाहेरच्या तोंडाशी हात धरा, गरम हवा जोरात लागली पाहिजे. शंका असेल तर खिडक्या उघडून एक खेप पाइप काढून चालवा. कपडे वेळेत सुकले, तर दोष पाइपात आहे.

पाइप न लावता बंद बाथरूममध्ये ड्रायर चालवत असाल, तर तीच दमट हवा पुन्हा आत जाते. खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. कंडेन्सरचा ड्रायर वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो, त्याला पाइप नसतो. ती टाकी रिकामी करा, कंडेन्सरवरचा कापूस काढा. हीट पंपचा ड्रायर मुळातच कमी तापमानावर, सावकाश सुकवतो. तो तीच उष्णता पुन्हा वापरतो, म्हणून वीज वाचते.

कपडे नीट पिळले होते का?

एक लिटर पाणी उडवायला 2000 वॉटच्या हीटरला निदान 20 मिनिटं लागतात. त्यामुळे वॉशिंग मशीनमधून कपडे निथळत आले, तर ड्रायर बिचारा काय करणार! शेवटचं स्पिन जास्त वेगावर ठेवा. जीन्स आणि टॉवेल एका खेपेला, पातळ कपडे दुसऱ्या. ड्रम गच्च भरू नका. धुणं आणि सुकवणं एकाच मशीनमध्ये असेल, तर सुकवायची क्षमता धुण्यापेक्षा कमी असते, लेबल वाचा.

संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, त्याचाही फटका बसतो. 230 ऐवजी 190 व्होल्ट आले, की हीटरची उष्णता जवळपास एक तृतीयांशाने घटते. अशा भागात ड्रायर दुपारी लावून बघा. जोडणी 16 अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरच हवी. एक्स्टेंशन बोर्ड कृपा करून वापरू नका, तो वितळलेला आम्ही पाहिला आहे.

कपडे ओले असतानाच मशीन "झालं" म्हणून थांबत असेल, तर ड्रममधल्या दोन धातूच्या पट्ट्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. कपड्यांची ओल त्याच मोजतात.

इथे मात्र थांबा

ड्रम फिरत नाही, हवा अजिबात गरम होत नाही किंवा करपट वास येतो, तर स्विच बंद करा, प्लग काढा आणि आम्हाला बोलवा. मागचं झाकण स्वतः उघडू नका. कापूस पटकन पेट घेतो. तसंच बाळाच्या मालिशचे तेलकट टॉवेल आणि स्वयंपाकघरातली तुपातेलाची फडकी ड्रायरमध्ये घालू नका. धुऊनही तेल राहतं आणि गरम कपड्यांच्या ढिगात ते आपोआप पेटू शकतं.

फोन करताना दारामागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर, एका खेपेला लागणारा वेळ आणि पाइपाच्या तोंडाशी हवा कशी लागते, एवढं सांगा. म्हणजे लागणारा भाग आम्ही सोबतच घेऊन येऊ आणि आमची दुसरी फेरी वाचेल.